वडिलांसाठी ईसीटी की आरटीएमएस?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील 61 वर्षांचे असून तासगाव भागातील द्राक्षबागायतदार आहेत. आठ महिन्यांपासून त्यांना नैराश्य आहे. एस्सिटालोप्राम 20 मिलिग्रॅम तीन महिने आणि त्यानंतर व्हेन्लाफॅक्सिन 150 मिलिग्रॅम दोन महिने देऊनही गुण आलेला नाही. सोबत रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम चालू आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांनी आता ईसीटी, म्हणजे आपल्याकडे सर्रास ‘शॉक’ म्हणतात तो उपचार, सुचवला आहे. दुसरीकडे एका खासगी केंद्राने ‘भूल नाही, शॉक नाही, दुष्परिणाम नाहीत’ असे सांगत आरटीएमएसच्या, म्हणजे चुंबकीय ठोक्यांनी मेंदू चेतवण्याच्या उपचाराच्या, तीस सत्रांचे पॅकेज पुढे केले आहे. शॉक दिलेला माणूस पुन्हा माणसांत येत नाही, असे तुमचे काका ठामपणे सांगतात. या परिस्थितीत काय निवडावे, हे तुम्ही विचारले आहे.

मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून हे दोन्ही उपचार देत आलो आहे, त्यामुळे त्यांपैकी एकाची वकिली करण्याचे मला कारण नाही. मी तुमच्या वडिलांना तपासलेले नाही, त्यांचे ईसीजी आणि रक्ताचे अहवाल माझ्यासमोर नाहीत, आणि निर्णय त्यांना प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा आहे. असा निर्णय आम्ही कोणत्या क्रमाने विचार करून घेतो, तेवढे मी येथे सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. वडील रोज म्हणतात की बाग गेली, सोसायटीचे कर्ज थकले, घरावर जप्ती येणार. प्रत्यक्षात बाग उभी आहे, आणि तुम्ही बेबाकीचा दाखला त्यांच्या हातात दिलात तेव्हा ‘हा कागद खोटा आहे’ असे म्हणून त्यांनी तो परत केला. दुसरी गोष्ट अशी की आपली आतडी बंद पडली आहेत, अन्न पुढे सरकतच नाही, असे सांगून त्यांनी तीन आठवड्यांपासून जेवण जवळजवळ सोडले आहे आणि त्यांचे वजन नऊ किलोने उतरले आहे.

पुराव्यानेही न हलणारी अशी समजूत म्हणजे भ्रम, आणि नैराश्यात भ्रम आले की तो आजाराचा वेगळा आणि अधिक गंभीर प्रकार ठरतो. साध्या नैराश्यातला माणूस म्हणतो, ‘कर्ज फेडता येईल असे वाटत नाही’. तुमचे वडील फिटलेले कर्ज थकले आहे असे मानतात. घरच्यांना हा फरक हट्टाचा वाटतो आणि त्यांची समजूत घालण्यात दिवसेंदिवस जातात. म्हणून तुमच्या प्रश्नाची मांडणी मी थोडी बदलून घेतो. मेंदूवर थेट काम करणाऱ्या उपचारांत निवड करताना यंत्र किती नवे आहे किंवा किती सौम्य आहे हे आम्ही नंतर पाहतो; आजार नेमका कोणत्या प्रकारचा आहे आणि हाताशी वेळ किती आहे, हे आधी पाहतो. तुम्ही दिलेली माहिती बरोबर असेल, तर तुमच्या वडिलांच्या बाबतीत या दोन्हींची उत्तरे ईसीटीकडे जातात.

तेथे पोहोचण्याआधी औषधे खरोखरच निकामी ठरली का, हे तपासणे आवश्यक आहे. दोन्ही अँटिडिप्रेसंट योग्य मात्रेत आणि पुरेसे आठवडे दिली गेली होती, असे तुमच्या माहितीवरून दिसते. गोळ्या खरोखर पोटात जात होत्या का, हे मात्र तुम्हीच सांगू शकाल. आतडी बंद आहेत असे मानणारा माणूस गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकून टाकतो, हे आम्ही नेहमी पाहतो. साठीच्या आसपास आयुष्यातले पहिलेच नैराश्य आले असेल, तर थायरॉइड, बी12, साखर आणि रक्तातील सोडियम या तपासण्या झालेल्या असाव्यात. सोडियमचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण ही दोन्ही औषधे घेणाऱ्या वयस्कर रुग्णांत ते घसरू शकते आणि मग सुस्ती व गोंधळ वाढतो. मेंदूचे एक स्कॅन आणि एवढे वजन उतरण्यामागे दुसरा शारीरिक आजार नाही याची खात्रीही करून घ्यावी. पूर्वी कधी काही आठवडे झोप न घेता अतिउत्साहाने वागल्याचा, भरमसाट खर्च केल्याचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तेव्हा निदान बायपोलर आजाराकडे झुकते आणि औषधांची आखणी बदलते.

आणखी एक बाब तुमच्या यादीत मला दिसली नाही. भ्रमयुक्त नैराश्यात एकटे अँटिडिप्रेसंट बहुधा अपुरे पडते. त्याला अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम कमी करणाऱ्या, औषधाची जोड द्यावी लागते. तशी जोड दिली गेली नसेल, तर औषधांचा योग्य प्रयोग अजून पूर्ण झालेला नाही, असे तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल. वडील नीट जेवत असते, तर हा पर्याय मीही तुमच्यासमोर मोकळेपणाने ठेवला असता. पण या जोडीलाही परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, आणि तीन आठवडे उपाशी असलेल्या, हृदयाला स्टेंट बसवलेल्या माणसाच्या बाबतीत तेवढी वाट पाहणे मला धोक्याचे वाटते. तुमच्या डॉक्टरांनी ईसीटीचे नाव काढले ते सगळे उपाय थकले म्हणून काढले, असा तुमचा समज झालेला दिसतो. भ्रमयुक्त नैराश्य आणि अन्नत्याग असेल, तर ईसीटी हा सुरुवातीलाच विचारात घेण्याचा उपचार आहे.

आता काकांच्या भीतीविषयी. ती निराधार नाही, आणि तिची टिंगल करून कोणाचे मत बदलत नाही. 1934 साली बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेदुना यांनी रसायनांच्या साहाय्याने आकडी आणून मनोविकारावर उपचार करून पाहिला, आणि 1938 साली रोममध्ये उगो चेर्लेती व लुचो बिनी यांनी त्यासाठी प्रथम वीज वापरली. सुरुवातीच्या काळात हे सारे भुलीशिवाय होत असे. आकडीच्या जोराने मणक्यांचे अस्थिभंगही होत. 1950 च्या दशकात भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांचा वापर रुळला, तरी आपल्या देशात साधनांच्या आणि भूलतज्ज्ञांच्या अभावी भुलीविना शॉक देण्याची पद्धत त्यानंतरही अनेक दशके टिकून राहिली. काकांनी तरुणपणी काही पाहिले-ऐकले असेल तर ते खरे असण्याची शक्यता आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न वापरता ईसीटी देण्यावर बंदी घातली आहे. वडिलांना जेथे नेणार तेथे भूलतज्ज्ञ प्रत्येक सत्राला हजर असतो का, हे तुम्ही जरूर विचारा. हा तुमचा हक्क आहे.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो, कारण बंद दारामागे काय चालते हे माहीत नसल्यामुळेच भीती वाढते. रुग्ण सकाळी उपाशीपोटी येतो. हाताला सलाईनची सुई, छातीला ईसीजीचे पॅच, कपाळाला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युत हालचाल नोंदवणाऱ्या, तारा लावल्या जातात. भूलतज्ज्ञ भुलीचे औषध देतात आणि मिनिटाभरात रुग्ण झोपी जातो. त्यानंतर एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून बांधला जातो, म्हणजे पुढे दिले जाणारे स्नायू सैल करणारे औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही. दातांमध्ये रबरी पॅड बसवून, मास्कने ऑक्सिजन देऊन, डोक्याला टेकवलेल्या इलेक्ट्रोडमधून काही सेकंद विजेचे सूक्ष्म ठोके दिले जातात. शरीर निश्चल असते. फक्त पट्टा बांधलेल्या पावलाची बोटे लयीत हलत राहतात आणि ईईजीच्या कागदावर उंच, दाट रेषा उमटतात. मेंदूत आकडी चालू आहे याच्या या दोन मुख्य खुणा असतात. साधारण तीस-चाळीस सेकंदांनी बोटे थांबतात आणि कागदावरची रेषा एकदम सपाट होते. पाच-दहा मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो, थोडा वेळ गोंधळलेला असतो, आणि तासाभरात बहुतेक जण चहा मागतात. अशी सत्रे आठवड्यातून दोन किंवा तीन, आणि एकूण साधारण सहा ते बारा लागतात.

गुण येतो तो विजेमुळे की आकडीमुळे, या प्रश्नाचा बराच अभ्यास झाला आहे. आकडी येणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. उजव्या बाजूच्या एकतर्फी पद्धतीत, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रोड डोक्याच्या उजव्या बाजूला ठेवून, विजेची मात्रा अगदी जेमतेम ठेवली, तर आकडी येते आणि तरीही गुण कमी येतो. त्याच पद्धतीत मात्रा रुग्णाच्या मर्यादेच्या कित्येक पट नेली की परिणाम चांगला मिळतो. म्हणून अनेक ठिकाणी पहिल्या सत्रात त्या रुग्णाला आकडी येण्याची मर्यादा मोजतात आणि पुढची मात्रा त्यावरून ठरवतात. पहिल्या सत्रानंतर फरक दिसला नाही म्हणून हताश होऊ नये, असे मी नातेवाइकांना सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे. आकडीनंतर मेंदूत नेमके काय बदलते, याबाबत संप्रेरके, चेतापेशींच्या वाढीस मदत करणारी प्रथिने, मेंदूच्या भागांमधील संपर्क असे अनेक धागे सापडले आहेत; स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान उपचारानंतर थोडे वाढलेले स्कॅनमध्ये पुन्हा पुन्हा दिसले आहे. हे धागे अजून एका सूत्रात बांधले गेलेले नाहीत. मेंदूच्या पेशी जळतात, या समजुतीला मात्र आधार मिळालेला नाही.

परिणामाबद्दल एक आकडा देतो, तो तुमच्या वडिलांच्या प्रकारच्या आजाराशी थेट जोडलेला आहे. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईसीटीचा पूर्ण क्रम घेतलेल्यांपैकी भ्रमयुक्त नैराश्याचे 95 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर भ्रम नसलेल्यांत हे प्रमाण 83 टक्के होते. क्रम अर्ध्यावर सोडणारे यात धरलेले नाहीत आणि रोजच्या व्यवहारात आकडे यापेक्षा खाली येतात, तरी दिशा स्पष्ट आहे आणि माझा अनुभवही तसाच आहे. वय जास्त असलेल्यांना ईसीटीचा गुण तरुणांपेक्षा चांगला येतो, हेही लक्षात ठेवा. वडिलांचे वय येथे अडचण ठरत नाही. अशा रुग्णांमध्ये मी सुधारणेची पहिली खूण ताटात शोधतो. मूड अजून उतरलेलाच असतो, जप्तीची भाषा चालूच असते, पण दुपारी अर्धी भाकरी खाल्ली जाते. भ्रम त्यानंतर हळूहळू सैल होतात.

आता धोके. भुलीसह दिलेल्या ईसीटीत मृत्यूचे प्रमाण साधारण एक लाख सत्रांमागे दोन, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलीच्या जवळपास आहे. आकडीच्या वेळी काही मिनिटे नाडी आणि रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयाकडे लक्ष द्यावे लागते. दोन वर्षांपूर्वीचा स्टेंट ईसीटीच्या आड येत नाही, पण आधी हृदयरोगतज्ज्ञांचे मत आणि इको करून घ्यावी. रक्त पातळ करणारी आणि रक्तदाबाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सत्राच्या दिवशी सकाळी कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची, हे भूलतज्ज्ञ लिहून देतात. क्लोनाझेपाममुळे आकडी नीट येत नाही, त्यामुळे ते कमी करावे लागेल. मात्र तेही एका दिवसात थांबवू नका.

स्मृतीच्या प्रश्नावर थोडा जास्त वेळ थांबतो, कारण ईसीटीची खरी किंमत येथे मोजावी लागते. शुद्धीवर आल्यानंतरचा गोंधळ तास-दोन तासांत जातो. उपचार चालू असलेल्या आठवड्यांत नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. मोजमापाच्या चाचण्यांत हा दोष बहुतेकांत उपचार संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत भरून निघतो, आणि नैराश्यामुळे मंदावलेली एकाग्रता सुधारल्याने काही जणांचे गुण आधीपेक्षा चांगले येतात. पण उपचाराच्या आधीचे काही आठवडे-महिने आणि उपचाराचा काळ यांतील आठवणींमध्ये पोकळी राहू शकते, आणि ती काही रुग्णांत कायमची राहते. एखाद्याला भाच्याच्या लग्नाला गेल्याचे आठवत नाही, एखाद्याला त्या वर्षीचा व्यवहार आठवत नाही. जे रुग्ण असे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवला पाहिजे. इलेक्ट्रोड उजव्या बाजूला ठेवणे, विजेच्या ठोक्याचा कालावधी अतिसूक्ष्म ठेवणे, आठवड्यात तीनऐवजी दोन सत्रे देणे, या उपायांनी ही हानी कमी करता येते. त्या बदल्यात गुण येण्याचा वेग थोडा मंदावतो. उपाशी असलेल्या रुग्णात वेग हवा असतो, म्हणून डॉक्टर दोन्ही बाजूंनी उपचार सुचवू शकतात आणि त्याला तसे कारण असते. तुमच्या वडिलांसाठी कोणती पद्धत आणि का, हे नेमके विचारा. एक व्यावहारिक सूचना: पहिल्या सत्राआधी घरातल्या कोणीतरी एका वहीत बँकेची खाती, एटीएमचा पिन, बागेची देणी-घेणी, कागदपत्रे कोठे ठेवली आहेत हे सारे वडिलांना विचारून लिहून ठेवावे आणि उपचाराच्या काळात त्यांना कोणत्याही व्यवहारावर सही करायला लावू नये.

आता आरटीएमएस. 1985 साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून क्षणभराचे तीव्र चुंबकीय क्षेत्र सोडून मेंदूच्या पृष्ठभागावरील पेशी बाहेरून चेतवता येतात हे दाखवले. नैराश्यात कपाळाच्या डाव्या भागामागील मेंदूच्या पट्ट्यावर असे ठोके देतात, कारण तो पट्टा मेंदूच्या आत खोलवर असलेल्या, दुःखाशी निगडित भागाशी जोडलेला आहे. पहिल्या दिवशी हाताचा अंगठा हलवणारी जागा शोधली जाते. कॉइल मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवत, ताकद कमी-जास्त करत अंगठा किती ताकदीला टचकन उडतो ते पाहतात आणि त्यावरून त्या रुग्णाची मात्रा ठरवतात. रुग्ण खुर्चीत जागा असतो, कानांत बोळे असतात, कारण यंत्राचा टकटक आवाज मोठा असतो. जुन्या पद्धतीत एक सत्र 37.5 मिनिटांचे होते. 2018 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत सुमारे तीन मिनिटांची नवी पद्धत तिच्या तोडीस तोड ठरली. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे असा क्रम असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 साली नैराश्यासाठी आणि 2018 साली मंत्रचळ म्हणजे ओसीडीसाठी याला मान्यता दिली.

हा चांगला उपचार आहे आणि मी तो विश्वासाने देतो. नोकरीवर जाणारी शिक्षिका, जिला भ्रम नाहीत, जी जेवते-झोपते, पण दोन औषधांनी उदासी हटत नाही किंवा औषधे सोसत नाहीत, तिला मी ईसीटीआधी आरटीएमएस सुचवतो. तिला भूल लागत नाही, स्मृतीला धक्का बसत नाही, ती सत्र संपवून थेट शाळेत जाऊ शकते. त्रास म्हणावा तर डोकेदुखी आणि कॉइलखालची त्वचा दुखणे, तेही पहिल्या आठवड्यात. मात्र ‘दुष्परिणाम नाहीत’ हे विधान चुकीचे आहे: क्वचित आकडी येऊ शकते, आणि डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले यंत्र) असलेल्यांना तो देता येत नाही.

तुमच्या वडिलांसाठी आज मी तो निवडणार नाही, याची कारणे सरळ आहेत. आरटीएमएसला ज्या मोठ्या चाचण्यांनी मान्यता मिळवून दिली, त्यांत भ्रम असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते. त्यामुळे त्या यशाचे आकडे तुमच्या वडिलांना लागू करता येत नाहीत. दोन्ही उपचारांची थेट तुलना झाली तेथे, विशेषतः भ्रम असताना, ईसीटी सरस ठरली. आरटीएमएसचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात आणि तेवढे आठवडे त्यांच्याकडे नाहीत. शिवाय न जेवणाऱ्या माणसाला सहा आठवडे परगावी ठेवून रोज केंद्रात नेणे घराला किती झेपेल, हाही प्रश्न आहे. त्या केंद्रातील मनोविकारतज्ज्ञाने वडिलांशी प्रत्यक्ष बोलून भ्रमांविषयी विचारले होते का? केवळ फाइल पाहून पॅकेज सुचवले असेल, तर मी तेथे जाणार नाही. काही महिन्यांनी भ्रम गेले आणि सौम्य उदासी मागे राहिली, तर आरटीएमएसचा विचार तेव्हा जरूर करता येईल.

तुम्ही केटामिन आणि मेंदूतील ‘चिप’ याबद्दलही विचारले आहे. केटामिन या भुलीच्या औषधाची संथ सलाईन काही तासांत मूड उचलू शकते, पण एका मात्रेचा परिणाम आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. 2023 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत 55 टक्के रुग्णांना केटामिनने आणि 41 टक्के रुग्णांना ईसीटीने गुण आला, हे खरे आहे आणि ते तुम्ही कोठेतरी वाचलेले असावे. पण त्या चाचणीत भ्रम असलेल्या रुग्णांना वगळले होते. केटामिनने रक्तदाब वाढतो आणि काही काळ वास्तवाचे भान सुटल्यासारखे होते, म्हणून भ्रमात असलेल्या रुग्णाला ते देताना मी फार जपून पावले टाकीन. कवटीला भोक पाडून मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, जिला लोक चिप म्हणतात, अत्यंत हट्टी ओसीडीसाठी मोजक्या ठिकाणी होते. नैराश्यात ती अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. आपल्या कायद्यात मनोविकारासाठी अशा शस्त्रक्रियेला रुग्णाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी दोन्ही लागतात. तुमच्या निर्णयात तिला जागा नाही.

संमती कोणी द्यायची, हा तुमचा पुढचा प्रश्न. प्रौढ रुग्ण उपचाराचे स्वरूप, फायदे-तोटे समजून निर्णय घेऊ शकत असेल तर संमती त्याचीच लागते, भ्रम असले तरीही. भ्रम आहे म्हणजे निर्णयक्षमता गेलीच असे कायदा मानत नाही. ती क्षमता नसल्याचे तपासणीत आढळले, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या आधाराने दाखल करून उपचार करता येतात. वडिलांनी आधी कोणाला नेमले नसेल तर ही जबाबदारी सामान्यतः जवळच्या नातेवाइकाकडे येते, आणि दाखल असेपर्यंत क्षमता पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आणीबाणीतील उपचारांच्या कलमाखाली ईसीटी देता येत नाही, म्हणून ‘आधी देऊन टाकू, कागद नंतर’ असे कोणी म्हटले तर थांबा. वडिलांपासून लपवून, ‘पोटाची तपासणी आहे’ असे सांगून त्यांना नेऊ नका. आजार ओसरल्यावर ही फसवणूक लक्षात राहते आणि पुढचे उपचार अडतात. ‘तुमचे खाणे सुटले आहे, जिवाला धोका आहे, झोपेत दिला जाणारा एक उपचार आहे, मी बाहेरच बसेन’ एवढे साध्या शब्दांत सांगा. कर्जावर वाद घालू नका.

खर्चाची चिंता असेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत चौकशी करा. भुलीसह ईसीटी तेथे खासगी दरांच्या तुलनेत बरीच कमी खर्चात होऊ शकते. विमा असल्यास मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे कायद्याने बंधनकारक आहे, तरी पूर्वपरवानगी लेखी घ्या.

ईसीटीने बरे वाटले म्हणून काम संपले, असे होत नाही, आणि आमच्या व्यवसायात ही बाजू रुग्णांपर्यंत नीट पोहोचत नाही याची मला खंत वाटते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ईसीटीने बरे झालेल्या रुग्णांना त्यानंतर निष्क्रिय गोळी दिली, तेव्हा सहा महिन्यांत 84 टक्के रुग्णांचा आजार उलटला. नॉर्ट्रिप्टिलिन हे अँटिडिप्रेसंट आणि मूड स्थिर ठेवणारे लिथियम एकत्र दिलेल्यांत हे प्रमाण 39 टक्क्यांवर आले. म्हणून शेवटच्या सत्राआधीच पुढची औषधे ठरलेली असली पाहिजेत. वडिलांच्या बाबतीत अँटिडिप्रेसंट, काही महिने अँटिसायकोटिक, हृदय आणि मूत्रपिंड पाहून शक्य असल्यास लिथियम, आणि गरज पडल्यास पंधरवड्याने किंवा महिन्याने एखादे ईसीटी सत्र, असा आराखडा असू शकतो. सहावे सत्र झाले, वडील हसले, बागेत गेले, आणि घरच्यांनी गोळ्या बंद केल्या, असे घडू देऊ नका.

शेवटी या आठवड्यापुरते. वडिलांना एकटे सोडू नका, रात्रीही नाही. तुमच्या घरी द्राक्षांच्या फवारणीची औषधे असणार. ती शेडमधून हलवून कुलपात ठेवा आणि किल्ली वडिलांना माहीत नसलेल्या ठिकाणी असू द्या, दोर आणि जुन्या गोळ्यांचा साठाही हलवा. जगण्यात अर्थ नाही असे वाटते का, मरणाचा विचार येतो का, हे त्यांना थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते. आणि त्यांनी पाणी पिणेही थांबवले, लघवी फार कमी झाली, हाक मारल्यावर उत्तर देईनासे झाले किंवा एकाच स्थितीत ताठरून राहू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, मनोविकार विभाग आणि अतिदक्षता कक्ष दोन्ही असलेल्या रुग्णालयात त्यांना दाखल करा.